बागूलकाका आणि पंचवीस वॅटचा बल्ब

बागूलकाका कुणाच्याही दाराची बेल वाजवत नाहीत. ते दार ठोठावतात, आणि तेही उलट्या हातानं. "दुसऱ्याच्या घरचं वायरिंग. कोणी केलं, कसं केलं, आपल्याला काय माहीत?" असं त्यांचं म्हणणं. आमची बेल दोन पेन्सिल सेलवर चालते. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि तिसऱ्या वेळी पुन्हा ठोठावलं.

उलट्या हाताचं हे वेड दारापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हा माणूस जगातल्या प्रत्येक वस्तूला आधी उलटा हात लावून बघतो. सोसायटीचं लोखंडी गेट, जिन्याचा कठडा, पाण्याच्या मोटरचं झाकण. आमचे सेक्रेटरी पटेलभाई नवी गाडी घेऊन आले, सगळे पेढे खात होते, आणि काका बॉनेटला उलटा हात लावून उभे होते. "करंट लागला की मूठ वळते, साहेब. सरळ हात असेल तर माणूस चिकटतो. उलटा असेल तर सुटतो." गाडीला कुठला करंट, असं विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं की अर्धा तास जातो.

काका मूळचे साक्रीकडचे. सिल्वासाजवळ गलोंड्याच्या बाजूला सुताचा एक कारखाना आहे, तिथं तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळून ते निवृत्त झाले. कारखान्यानं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून ते आमच्या वाट्याला आले आहेत. डोकमर्डीतल्या आमच्या सोसायटीत बरोबर आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहतात. सुकलेली अंगकाठी, इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला टेस्टर. घरातसुद्धा रबरी सोलचे बूट.

लिफ्टमध्ये त्यांच्या हातच्या सूचना चिकटवलेल्या असतात. "लिफ्टमध्ये उड्या मारू नये. उड्या मारल्याने लिफ्ट लवकर पोचत नाही." खाली सही आणि तारीख. गेल्या नवरात्रात पहिल्याच दिवशी त्यांनी गरब्याची लाइट बंद पाडली होती, कारण सतरंजीखालून गेलेल्या वायरला जोड होता आणि सतरंजी ओली होती. सोसायटीच्या यच्चयावत बायका चनियाचोळी घालून दीड तास अंधारात उभ्या. पटेलभाईंनी हात जोडले, "बागूलभाई, माताजी बधु संभाळी लेशे!" काका म्हणाले, "माताजी बघतील ना. पण जॉइंट कोण बघेल?" आणि त्यांनी सतरंजी उचलून, वायर बदलून, मगच मेन स्विच चालू केला. तोपर्यंत ढोलवाला जेवायला निघून गेला होता.

"करंट नातं बघत नाही," हे त्यांचं एक आवडतं वाक्य. दुसरं, "खात्री केली? बरं. आता खात्रीची खात्री केली?" ही दोन वाक्यं वजा केली तर काकांकडे बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही, असं मी बायकोला, प्राचीला, नेहमी म्हणायचो. ती हसायची. माझी आई हसत नसे. पण आई कुणालाच हसत नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

तर आमच्या मायक्रोवेव्हचा बल्ब गेला.

बल्ब गेला म्हणून मायक्रोवेव्ह चालायचा थांबत नाही. आत अंधार, बाकी सगळं व्यवस्थित. पण आईचा टायमरवर विश्वास नाही. ती संध्याकाळी हळदीचं दूध आत ठेवते, काचेला नाक लावून उभी राहते आणि साय वर आली की बटण दाबते. अंधारात साय दिसेना. दोन दिवस दूध उतू गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं वेळेआधीच दार उघडून, दूध तापलंय का ते बघायला बोट घातलं. बोटाला फोड आला. तेव्हा मी म्हटलं, पुरे. रविवारी मीच बदलतो.

मी इंजिनिअर आहे. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलंय, त्या मानानं स्क्रू फारच कमी फिरवलेत. मी प्लॅस्टिकच्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो, म्हणजे दिवसभर एक्सेल बघतो. पण बल्ब बदलायला काय लागतं? रविवारी सकाळी मी मायक्रोवेव्ह जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. पाठीमागचे स्क्रू काढायला घेतले. प्लग एक्स्टेंशन बोर्डात तसाच ठेवला होता, बटणही चालू, कारण नवा बल्ब लावला की लागतो का ते लगेच कळावं. आता लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा मला ती युक्ती वाटली होती.

तीन स्क्रू निघाले आणि दारावर ठोठावलं गेलं.

प्राचीनं दार उघडलं. पाण्याच्या टाकीच्या सफाईसाठी सगळ्यांच्या सह्या घ्यायला काका कागद घेऊन आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, मग वायरीचा माग काढत बोर्डाकडे बघितलं. सरळ बोर्डापाशी गेले, बटण बंद केलं, प्लग उपटला आणि मग ओरडले.

"निकम! मागं सरका!"

तोवर मी नेहमी 'साहेब' होतो.

"काका, फक्त बल्ब बदलतोय."

"बल्ब बदलताय की घरातला माणूस बदलताय?"

"काढलात ना प्लग? झालं मग."

"झालं?" त्यांनी कागद खुर्चीवर ठेवला. "प्लग काढला म्हणजे करंट गेला, असं शिकवलं का तुमच्या कॉलेजात? याच्या पोटात कपॅसिटर राहतो. प्लग काढला तरी तो करंट धरून बसतो. भिंतीतल्या दोनशे तीस व्होल्टसारखा नाही. हजारांत. तुम्ही कव्हर काढून हा पेचकस आत घातला असता ना, तर..." त्यांची नजर आईकडे गेली. "जाऊ द्या. ताईंसमोर नाही बोलत."

कपॅसिटर मला माहीत होता. दोन समांतर रेघा काढायच्या आणि बाजूला सी लिहायचा, एवढ्यावर मी त्या पेपरात सुटलो होतो. त्या दोन रेघा आमच्या स्वयंपाकघरात माझी वाट बघत बसल्या असतील असं कधी वाटलं नव्हतं. पण आपण चुकतोय हे कळल्यावर माणसाला जास्त राग येतो, तसा मला आला. वाटलं, या म्हाताऱ्याला आता आयतं घबाड सापडलं.

आणि तसंच झालं. काका वर जाऊन दहा मिनिटांत एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आले. डब्याच्या कडेला वायरीपुरती खाच पाडलेली. त्यांनी आमचा प्लग डब्यात ठेवला, झाकण लावलं, झाकणाला छोटं कुलूप घातलं आणि वर एक पुठ्ठा बांधला. "धोका. काम चालू आहे. चावी: बागूल." चावी खिशात टाकून ते निघून गेले.

काम चालू आहे! पुढचे सात दिवस त्या मायक्रोवेव्हला कुणी बोटही लावलं नाही.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी पाठीमागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर उतरवून घेतला. मंगळवारी ते सिल्वासाच्या बाजारातली तीन दुकानं फिरले. एका दुकानदारानं फ्रिजचा बल्ब पुढे केला, "काका, आ पण चाले." काका त्याला म्हणाले, "चालेल. पण किती दिवस, आणि कोणाच्या घरात?" हा संवाद मला त्यांनी आमच्याच सोफ्यावर बसून दोनदा ऐकवला. बुधवारी त्यांनी समजावलं की बल्बचा व्होल्टेज तोच पाहिजे, वॅट तेवढेच पाहिजेत, पंचवीस म्हणजे पंचवीस, आणि मागच्या वायर जोडायच्या पत्त्याही तशाच पाहिजेत. "जास्त वॅटचा लावला तर उजेड जास्त पडत नाही साहेब, आग पडते."

रोज संध्याकाळी सात वाजता ठोठावणं. रोज आत येऊन प्रगतीचा अहवाल, जी काही नव्हतीच. आई विचारायची, "चहा घेता का बागूलभाऊ?" ते म्हणायचे, "नको ताई," आणि चाळीस मिनिटं बसायचे. मध्येच एखादं वाक्य सुरू करायचे, माझ्याकडे बघायचे आणि टाकीच्या सफाईवर यायचे. मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवायचो. काय रिकामा माणूस आहे, असं वाटायचं. आम्हाला एक बल्ब बदलायचा होता, मधुबन धरण बांधायचं नव्हतं.

गुरुवारी माझा बांध फुटला. दहा तास कंपनीत घालवून आलो तर ताटात गार भाजी. प्राची गॅसवर गरम करते म्हणाली, पण मला त्या कुलपाचा सूड घ्यायचा होता. मी हातोडी आणली.

"मोड," प्राची म्हणाली. "पण मग बल्ब तूच बदलायचा."

मी हातोडी ठेवून दिली आणि गार भाजी खाल्ली. खाली गेलो तेव्हा वॉचमन म्हणाला की बागूलकाका दुपारपासून वापीला गेलेत, बसनं. सिल्वासात मनासारखा बल्ब मिळाला नाही म्हणून. त्या दिवशीचं ठोठावणं साडेआठला झालं. काकांनी खिशातून रुमाल काढला, रुमालात कापूस, कापसात तो बल्ब. अंडं उबवायला ठेवावं तसा त्यांनी तो आईच्या हातात ठेवला.

"रविवारी," ते म्हणाले. "उजेडात."

रविवारी दहा वाजता ते आले. बरोबर रबरी चटई, मीटर, लाल मुठीची काही हत्यारं आणि स्वतःच्या अक्षरातली यादी. आधी त्यांनी स्वतःचं घड्याळ काढलं. मग माझी अंगठी काढायला लावली. मी सहा फुटांवर बसलो होतो.

"प्लग कुठे आहे?"

"डब्यात," आम्ही म्हणालो.

"डबा कुठे आहे?"

"तुमच्या हातात."

"खात्री?"

"खात्री."

"खात्रीची खात्री?"

आई, प्राची आणि मी, तिघंही सोफ्यावर पाढे म्हणणाऱ्या पोरांसारखे बसलो होतो. काकांनी कव्हर काढलं. डावा हात खिशात घातला. "एकच हात आत. दोन्ही घातले तर करंटला छातीतून रस्ता मिळतो." मग एका हातानं त्यांनी लाल मुठीचं काहीतरी आत टेकवलं, थांबले, मीटर लावला, काटा बघितला, पुन्हा टेकवलं, पुन्हा बघितलं.

"हे नुसतं बघायचं," ते वळून म्हणाले. "शिकायचं नाही. घरच्या माणसानं यात हात घालायचाच नाही. मेकॅनिक बोलवायचा."

"मग आम्ही इतका वेळ शिकतोय काय?" मी विचारलं.

"मेकॅनिक कधी बोलवायचा ते."

जुना बल्ब निघाला, नवा त्यांनी फडक्यात धरून बसवला. त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. अर्ध्या मिनिटासाठी आठवडा! कव्हर बसलं, एकूण एक स्क्रू लागला, आणि त्यानंतरच त्यांनी डबा उघडून प्लग काढला. "रिकामा चालवायचा नाही. वाटीत पाणी ठेवा." प्राचीनं पाणी ठेवलं. बटण दाबलं. आत पिवळा उजेड पडला आणि वाटी गोल फिरायला लागली. आईनं चक्क टाळी वाजवली.

मी उठून दारापाशी गेलो आणि दार उघडून उभा राहिलो. घरी आलेल्या माणसाला जा म्हणायची ही माझी सभ्य पद्धत आहे.

काका निघेनात. त्यांनी हत्यारं पिशवीत भरली, बाहेर काढली, पुसली, पुन्हा भरली. चटईची गुंडाळी केली. मग शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. मला वाटलं, आता कुठल्या सह्या.

"ताई," ते आईला म्हणाले, "एक विचारायचं होतं. डिंकाचे लाडू कसे करतात?"

मी हसलो. मोठ्यानं हसलो. मग लक्षात आलं की खोलीत आणखी कुणीच हसत नाहीये.

"कोणासाठी, भाऊ?" आईनं विचारलं.

"वैशालीसाठी. पोरगी माझी. नंदुरबारला दिलीय." काका कागदाकडे बघून बोलत होते. "तिला सातवा सरतोय. पहिलंच आहे. सासरचे म्हणी राहिले, इथेच करू बाळंतपण. तीही म्हणे, आई नाही तर माहेर कुठलं, बाबा? मी म्हटलं, मी आहे ना. तू ये." त्यांनी कागदाची घडी नखानं सपाट केली. "बोलून तर बसलो. मला वरण-भात येतो, ताई. पोळी जमते आता थोडी. पण बाळंतिणीला काय काय लागतं, कधी काय द्यायचं, ते सगळं हिलाच माहीत होतं."

बागूलकाकू मागच्या वर्षी गेल्या. धुळ्याच्या दवाखान्यात. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली होती, तिच्याखाली सगळ्यांनी जोडलेले हात टाकले होते. मीही टाकले होते. त्यानंतर लगेच पार्किंगवरून भांडण सुरू झालं होतं. काका पंधरा दिवसांनी साक्रीहून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नवी सूचना लागली, तेव्हा मीच प्राचीला म्हणालो होतो, आले बघ. वर त्यांच्या घरी आमच्यापैकी कुणी गेलं होतं का? मी नव्हतो गेलो.

"अहो, मग इतके दिवस रोज येत होतात," आई म्हणाली, "एकदा तरी विचारायचं ना."

"विचारायलाच यायचो, ताई." काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पण साहेब घरी राहायचे."

त्यात तक्रार नव्हती. ओली सतरंजी आहे, जोड उघडा आहे, तसं ते बोलले. मी दार लावून घेतलं आणि येऊन खुर्चीत बसलो. अंगठी परत बोटात घालत बसलो. ती चढेना.

आई उठली. "या इकडे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. काका बूट काढून तिच्या मागे गेले. तिनं कढई चढवली, तूप घातलं. घरात थोडा डिंक होता, तो काढला.

"तूप किती तापू द्यायचं?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

"भाऊ, अंदाज म्हणजे अंदाज. एक खडा टाकायचा. टाकल्याबरोबर फुलला तर तापलं."

"आणि नाही फुलला तर?"

"तर थांबायचं."

काकांनी लिहून घेतलं. मग आईनं त्यांच्या हातात झारा दिला. तीस वर्षं कारखान्याच्या पॅनलसमोर उभा राहिलेला हा माणूस त्या कढईसमोर इतका आखडून उभा होता की बघवेना. तूप तडतडलं तसा तो एक पाऊल मागं आला. पहिली मूठ करपली. काळा डिंक झाऱ्यात धरून ते आईकडे बघत राहिले.

"जळला," ते म्हणाले.

"जळणारच. माझाही जळला होता. पुन्हा टाका."

पुढचे चार रविवार काका आमच्या स्वयंपाकघरात होते. अळिवाची खीर, शेपूची भाजी, ओव्याचं पाणी, बाळंतिणीचं डोकं कशानं बांधायचं, बाळाला पहिलं पाणी किती कोमट. आई सांगायची आणि ते प्रत्येक गोष्टीला "म्हणजे किती?" विचारून तिला जेरीस आणायचे. तिसऱ्या रविवारी ती मला म्हणाली, "तुझ्या वडिलांनी जन्मात एवढं विचारलं नाही रे." मी रविवारी मुद्दाम बाहेर जायला लागलो. त्यांना मोकळेपणानं विचारता यावं म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला तिथं उभं राहवत नसे.

वैशाली आली तेव्हा दुपार होती. काका तिला आणायला स्वतः वापी स्टेशनवर गेले होते. गाडी गेटपाशी थांबली. ती एक हात कमरेवर ठेवून हळूहळू उतरली, काकांसारखीच सुकलेली, उंच. आई भाकरतुकडा घेऊन आधीच खाली जाऊन उभी होती. तिनं तो तिच्यावरून ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. वैशाली आईला ओळखतही नव्हती, पण तिनं आईचा हात धरला तो वर जाईपर्यंत सोडला नाही. मी काकांच्या हातातली एक बॅग घेतली. त्यांनी ती घेऊ दिली.

मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात पाऊल टाकलं. सगळं झाडून पुसून ठेवलेलं. पलंगाला नवी चादर, तिच्या घड्या अजून दिसत होत्या. वैशाली नीट बसलीही नव्हती तोच काकांनी डबा उघडून तिच्यापुढे धरला. लाडू एकसारखे होते, एकही लहानमोठा नाही. तिनं एक उचलला आणि चावायला गेली. जमेना. तिनं तो दुसऱ्या बाजूच्या दातांनी धरून बघितला. शेवटी एक कपचा निघाला, तो तिनं गालात ठेवला.

काका डबा धरून तसेच उभे होते. "कसा झालाय?"

वैशालीनं मान वर केली. "आईचे पण असेच कडक व्हायचे, बाबा," ती म्हणाली.

काका हसले. ते हसतात हे मला ठाऊक नव्हतं. मग डबा तिच्या मांडीवर ठेवून, पाणी आणतो म्हणून ते आत गेले. बराच वेळ झाला तरी पाणी आलं नाही. आईनं मला डोळ्यांनी खूण केली, आणि आम्ही दोघं हळूच दार ओढून घेऊन खाली आलो.